तिच्या नावाचं कार्ड

फोन टुण्‌ वाजला तेव्हा तो एका पांढऱ्या शर्टाच्या कॉलरवर इस्त्री फिरवत होता. हात न थांबवता त्याने मान तिरकी करून पडद्याकडे पाहिलं. बँकेचा मेसेज होता. बायकोच्या कार्डावर कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात काहीतरी घेतलं होतं. खोकल्याच्या गोळ्या असतील, तो मनात म्हणाला. संपल्याच असणार. कशाला उतरली खाली, संध्याकाळी येताना आपणच आणल्या असत्या. एवढं म्हणून त्याने कॉलर उलटी केली, आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपण कॉलर उलटी केलेली नाही, इस्त्री आहे तिथेच आहे आणि करपल्याचा वास सुटलाय. बायको थंडीच्या सुरुवातीला गेली होती. आता थंडी सरत आली होती. त्याने इस्त्री उचलली. कॉलरवर इस्त्रीच्या टोकाचा तांबूस डाग पडला होता, अगदी नीट कापून चिकटवल्यासारखा. पलीकडच्या टेबलावरून बंबाने नाक वर करून वास घेतला. बंब म्हणजे त्याच्याबरोबर जन्मभर त्याच लाँड्रीत काम करणारा माणूस. पटकन तापतो म्हणून सगळे त्याला बंब म्हणत, आणि त्याची बायकोसुद्धा म्हणे. पण त्या दिवशी बंब तापला नाही. उठून आला, शर्ट उचलून बघितला, आणि हा मालकीणबाईंना मी दाखवतो, माझ्याकडून जळाला म्हणतो, तू जरा बाहेर जाऊन ये, असं म्हणाला. बायको गेल्यापासून बंब असा मऊ वागत होता. त्याचाच जास्त त्रास होई.

बाहेर जाऊन तो भिंतीला टेकून उभा राहिला. वाफेच्या नळीतून पाणी ठिबकत होतं. त्याने मेसेज पुन्हा वाचला. बायकोचं नाव त्यात नव्हतं, नुसते कार्डाचे शेवटचे आकडे होते, पण ते आकडे तिचेच होते. तिच्या आजारपणात मुलीने हे कार्ड काढून दिलं होतं. खातं त्याचं, बिल त्याला, कार्ड तिच्या नावाचं. दवाखान्यात पैसे भरायला नोटा मोजत बसायला नको म्हणून. कार्ड वापरलं की बाबांच्या फोनवर मेसेज, अशी सोयही मुलीनेच करून दिली होती. तेव्हा बायको म्हणाली होती, बरंय, आता मी कुठे कुठे जाते ते तुझ्या बाबांना बसल्या जागी कळेल. आणि खरंच कळायचं. तो इस्त्री करत असायचा आणि फोन टुण्‌ वाजायचा. आता ती औषधाच्या दुकानात आहे. आता बेकरीत आहे. आज बेकरीत म्हणजे बरं वाटतंय तर. घरी गेल्यावर तो मुद्दाम विचारायचा, काय गं, पाव आणलास का, आणि ती म्हणायची, तुमचे हेर फार झाले बाई.

कार्ड कुठे होतं ते त्याला कळायला वेळ लागला नाही. ते कोटात होतं. राखाडी रंगाच्या, गुडघ्यापर्यंतच्या लोकरी कोटाच्या उजव्या खिशात. पर्स खांद्यावर पेलवेना झाली तेव्हा तिने पर्स घेणं सोडलं आणि ती बँकेचं कार्ड, दवाखान्याचं कार्ड, दोन्ही एका प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून खिशात ठेवायला लागली. आणि तो कोट त्याने देऊन टाकला होता. जुने कपडे गोळा करणारी गाडी लाँड्रीच्या दारात येते, तिच्यात त्याने आपल्या हाताने गाठोडं चढवलं होतं. खिसे न बघता.

हे त्याने दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर त्यात काय एवढं, असं वाटलं असतं. पण बंबाला सांगितलं असतं तर बंब खालीच बसला असता. लाँड्रीत एकच धर्म पाळतात. खिसा बघितल्याशिवाय कापड पुढे जात नाही. पहिल्या दिवशी जुन्या मालकांनी त्याला इस्त्री दाखवली नव्हती, खिसा दाखवला होता. असा हात घालायचा, असं अस्तर बाहेर ओढायचं, शिवणीत बोट फिरवायचं. लोकांच्या खिशातून काय काय निघतं. दात निघतात, लहान पोरांचे. औषधं निघतात, देवाचे फोटो निघतात, दुसऱ्याच बाईची कानातली निघतात. जे निघेल ते कागदाच्या पुडीत बांधून हँगरला टाचायचं आणि तोंड बंद ठेवायचं. आयुष्यभरात त्याने किती खिशांत हात घातला असेल त्याला गणती नाही. एका खिशात घालता आला नाही. कारण त्या खिशात तो हात घालायचा तेव्हा आत तिचा हात असायचा. दवाखान्यात जाताना रस्ता चढाचा होता. ती उजवा हात खिशात घालून चालायची, आणि थंडीचं निमित्त करून तो आपलाही हात त्याच खिशात सरकवायचा. ती म्हणायची, तुमचा खिसा भाड्याने दिलाय का. बोटं तिची आधीच गार असायची. ती गेल्यावर कोट खुंटीवर होता, खिसा जरा फुगलेला, आत काहीतरी असल्यासारखा. त्याने हात पुढे केला आणि मागे घेतला. आत हात असेल असं त्याला वाटलं. नसेल असंही वाटलं. दोन्हीपैकी कुठलं सोसलं नसतं ते अजून त्याला ठरवता आलेलं नाही.

मुलगी दुसऱ्या शहरात होती आणि रविवारी फोन करायची. तिच्या बोलण्यात बाबा जेवलात का याच्यानंतर लगेच बँक यायची. अनोळखी माणसाने फोनवर नंबर विचारला तर सांगायचा नाही. कार्ड हरवलं तर त्याच मिनिटाला बंद करायचं, दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही, लोक अगोदर बारीकसारीक घेऊन बघतात, कुणी विचारत नाही म्हटल्यावर मग हात मारतात. आईचं कार्ड कुठे आहे? घरात आहे, तो म्हणाला. आई गेल्याचं बँकेला कळवलंत ना? कळवलं. बाबा, खरंच कळवलंत का, मी कळवू? तो म्हणाला की कळवलं म्हटलं ना, शिकवतेस काय मला. त्याने बँकेला कळवलं नव्हतं. दोनदा पायऱ्या चढून गेला होता. पहिल्या वेळी गर्दी होती. दुसऱ्या वेळी काउंटरवरच्या माणसाने बोला काका म्हटलं आणि त्याने खात्यात किती आहेत ते विचारलं आणि परत आला. बायको वारली, हे दोन शब्द त्याने अजून कुणाला म्हटले नव्हते. म्हणायची वेळच आली नव्हती. बंब दवाखान्यात होता, मुलगी होती, शेजारपाजारच्यांना त्याच्या तोंडाकडे बघूनच कळलं. ज्याला सांगावं लागेल असा माणूस जगात फक्त बँकेत होता.

आणि आता तर मेसेज यायला लागले होते. लोकरीचं दुकान. बेकरी. पुन्हा बेकरी. कार्ड नुसतं यंत्राला टेकवायचं, लहानसहान खरेदीला कुणी काही विचारत नाही. कुणाला तरी स्वस्तात कोट मिळाला होता आणि खिशात घबाड लागलं होतं, एवढीच गोष्ट. त्याला ती समजत होती. तो काही खुळा नव्हता. पण समजणं वेगळं आणि इस्त्री करता करता कान टवकारून बसणं वेगळं. दुपारी फोन वाजला नाही की त्याला करमेना. बेकरीचा मेसेज आला की बरं वाटतंय तर, असं तो आपसूक म्हणे, आणि म्हणून झाल्यावर जीभ चावे. लोकरीच्या दुकानात तो स्वतः गेला. दुकानदार ओळखीचा होता, ती त्याच्याकडूनच लोकर घ्यायची. त्याला ती गेल्याचं माहीत होतं. इकडचं तिकडचं बोलून त्याने विचारलं, परवा राखाडी कोट घातलेली कुणी बाई आली होती का? दुकानदाराने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाला, आली होती खरी, आणि रागावू नका, पण पाठमोरी बघून मी वहिनी म्हणून हाक मारणार होतो. ती वळली का, त्याने विचारलं. दुकानदार म्हणाला की पैसे देताना वळलीच असेल, पण चेहरा काही केल्या आठवत नाही. कोटच आठवतो. हिरवी लोकर घेतली. घरी आल्यावर त्याने कपाट उघडलं. अर्धवट विणलेला हिरवा स्वेटर होता तिथेच होता, सुया अडकवलेला. एक बाही राहिली होती. त्याने कपाट लावून घेतलं.

तो कोट मुळात तिचाही नव्हता. लाँड्रीत कुणीतरी टाकलेला आणि कधीच न्यायला न आलेला. वर्षभर वाट बघून मालकीणबाई असे कपडे कामगारांना देत. त्याने स्वतः धुऊन, वाफ देऊन, बटणं पक्की करून बायकोला नेऊन दिला, तर ती आरशासमोर उभी राहून हसायला लागली. म्हणाली, ही बाई मला एक दिवस रस्त्यात गाठणार आणि म्हणणार, काढ माझा कोट. पुढे आजारपणात कोट तिला मोठा व्हायला लागला. खांदे उतरले, बाह्या बोटांवर आल्या. एकदा दवाखान्यातून परतताना ती म्हणाली, बघा, त्या बाईच्या मापाची व्हायला लागले मी, आधी माझ्या मापाचा नव्हताच हा. तो म्हणाला की अगं उलट आहे, कोट सैल होतोय. ती म्हणाली, तेच ते. हे त्याला आता इस्त्रीच्या टेबलाशी आठवायला लागलं, वाफेत, दिवसाढवळ्या. पहिली बाई कुठे गेली असेल? कोट टाकून माणूस न्यायला का येत नाही? त्याने कधी हा विचारच केला नव्हता. लाँड्रीची पावती तीन रंगांत निघते, एक प्रत आपल्याकडे राहते. त्यावर नाव असणार. पण ते शोधायची त्याला भीती वाटली.

मग एक मेसेज आला तो बायकांच्या केस कापायच्या दुकानातून. तो हातातलं काम ठेवून खुर्चीवर बसला. बंबाने विचारलं काय झालं, तर तो म्हणाला काही नाही, आणि बंबाने बघितलं तर हा हसत होता. औषधांनी तिचे सगळे केस गेले होते. ती डोक्याला रुमाल बांधायची आणि येतील हो पुन्हा, गवतासारखे येतील, असं म्हणायची. म्हणजे आले. कापण्याएवढे आले. हे त्याच्या मनात इतकं सरळ आलं की त्याला दुसरं काही सुचलंच नाही, आणि तो आनंद चांगला चहाचा कप संपेपर्यंत टिकला. बंब त्या दिवशी घरापर्यंत सोडायला आला. दारात म्हणाला, तुझ्याकडे आठ दिवस राहायला येऊ का? माझी बायको कंटाळलीच आहे मला, तिलाही बरं वाटेल. तो नको म्हणाला. घरात कुणी असलं तर अडचण होईल, असं त्याला वाटलं, आणि कुणाला अडचण, हे त्याने स्वतःला विचारलं नाही.

कोट त्याला दिसला तो एका भर दुपारी. तो गिऱ्हाइकाचे सूट हातावर घेऊन चालला होता, वर प्लॅस्टिक चढवलेलं, चालताना सळसळणारं. समोर, दहा-बारा माणसांच्या पलीकडे, राखाडी पाठ. त्याने ती पाठ स्वतः वाफवली होती, त्याला शिवणीवरून कळली. केस आखूड होते, नुकतेच कापलेले, मानेवर गोरी रेघ. उजवा हात खिशात. तो चालायला लागला. सूट जड होते तरी तिला गाठणं अवघड नव्हतं, ती सावकाश चालत होती, मध्येच थांबून श्वास घेतल्यासारखं करत होती. चार ढांगा टाकल्या असत्या तर तो तिच्या शेजारी येऊन म्हणाला असता, बाई, हा कोट माझ्या बायकोचा, आणि खिशातलं कार्डही तिचं, ते काढा. सबंध वाक्य त्याच्याकडे तयार होतं. आणि तरी ती हळू झाली की तोही हळू होत होता. एका काचेच्या दुकानासमोर ती थांबली. आत मोठ्या प्रवासी बॅगा मांडल्या होत्या. काचेत तिचा चेहरा दिसला असता, त्याच्या जागेवरून अगदी सरळ दिसला असता. त्याने मान फिरवली. रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला एक माणूस शिडीवर चढून पाटी रंगवत होता, त्याच्याकडे तो बघत राहिला. त्या माणसाचं एक अक्षर पुरं होईपर्यंत बघत राहिला. चेहरा दुसरा कुणाचा असता तर सगळं संपलं असतं. तिचा असता तर काय झालं असतं, तिथपर्यंत विचार जातच नव्हता. परत वळून पाहिलं तेव्हा काचेसमोर कुणी नव्हतं, दुकानाचं दार हलत होतं, आणि त्याच्या खिशातला फोन वाजला.

या खेपेला मेसेज निराळा होता. आणि मेसेजपाठोपाठ फोन. बँकेच्या कार्ड विभागातून बोलतेय, एक बाई म्हणाली, आवाजाने तरुण, घाईत असलेली. मुलीने सांगितलेलं सगळं त्याला आठवलं आणि तो सावध झाला, पण या बाईने त्याच्याकडे काही मागितलंच नाही. नंबर विचारला नाही, काही नाही. ती म्हणाली की तुमच्या पत्नीच्या कार्डावर आत्ता नेहमीपेक्षा मोठी खरेदी व्हायला आलीय, आम्हाला जरा संशय आला म्हणून आम्ही कार्ड थांबवलंय. गेल्या काही दिवसांतल्या खरेदी मी वाचून दाखवते, त्या तुमच्या घरच्यांनीच केल्यात का, तेवढं हो किंवा नाही सांगा. नाही म्हणालात तर कार्ड कायमचं बंद करते, तुम्हाला काही भुर्दंड पडणार नाही. आणि तिने वाचायला सुरुवात केली. औषधाचं दुकान. लोकर. बेकरी. बेकरी. केस कापायचं दुकान. तो भर रस्त्यात सूट हातावर घेऊन उभा होता, लोक त्याला वळसा घालून जात होते. बायको गेल्यावर तिच्याबद्दल इतकं सलग कुणी बोललं नव्हतं. वाचून झाल्यावर ती थांबली.

"हो," तो म्हणाला. "तिनेच केलीय."

"सगळी?"

"सगळी."

मग पत्नीशी जरा बोलता येईल का, असं तिने विचारलं. नियम आहे म्हणाली, कार्ड ज्यांच्या नावाचं त्यांच्याशी बोलल्याशिवाय चालू करता येत नाही. ती आत्ता बाहेर गेलीय, तो म्हणाला. आणि हे बोलताना त्याला आपण खोटं बोलतोय असं अजिबात वाटलं नाही. बरं, मग त्यांना सांगा कार्डाच्या मागच्या नंबरवर फोन करायला, ती बाई म्हणाली आणि फोन ठेवला.

त्या संध्याकाळी त्याने स्वयंपाकघर आवरलं. बाहेर गेलीय, हे शब्द तोंडात गोळीसारखे घोळत होते. आतून कडी लावायला गेला आणि लावली नाही, नुसतं दार लोटून ठेवलं. सकाळी दार तसंच होतं. दुपारी फोन वाजला नाही. बेकरी नाही, काही नाही. त्याने फोन हलवून पाहिला, बंबाला आपल्या फोनवर मेसेज पाठवायला लावला. बंबाने पाठवला, तो लगेच आला. बंबाने विचारलं, कुणाची वाट बघतोयस? कार्ड थांबवलंय म्हणून असेल, त्याने स्वतःची समजूत काढली. ती कुठेतरी काउंटरवर उभी असेल, यंत्र नाही म्हणत असेल, मागे रांग असेल. अशा वेळी ती कानशिलापर्यंत लाल व्हायची. शेवटी न राहवून त्यानेच बँकेला फोन लावला. बराच वेळ बाजा वाजल्यावर कुणीतरी घेतला, आणि नेमकी तीच होती, कालची, त्याचं नाव ऐकताच ओळखलं तिने.

अहो सर, ती म्हणाली, झालं की काम, तुम्हाला सांगितलं नाही का त्यांनी? तुमच्या मिसेसचा कालच फोन आला होता. पूर्ण नाव सांगितलं, जन्मतारीख सांगितली, दवाखान्याच्या कार्डावरचा नंबरसुद्धा पाठ होता त्यांना. खातरी करायला मी शेवटच्या खरेदी विचारल्या, तर धडाधड सगळ्या सांगितल्या, तुम्ही ज्यांना हो म्हणालात त्याच. कार्ड चालू केलंय. आणि मोबाइल नंबर बदलून घेतलाय त्यांनी, आता मेसेज त्यांच्याच फोनवर जातील. तुम्हाला कामात उगाच त्रास नको, असं म्हणाल्या.

वाफेची नळी सुसू करत होती. त्याला सगळं कळत होतं, एकेक पायरी कळत होती. नाव आणि जन्मतारीख दवाखान्याच्या कार्डावर होती, ते कार्ड पाकिटात होतं, पाकीट खिशात होतं. बाकीचं त्यानेच दिलं होतं. ती जिवंत आहे हे त्याने दिलं होतं. जिने कोट घेतला तिला फक्त कोट मिळाला होता, बायको त्यानेच स्वतःच्या तोंडाने देऊन टाकली होती. आणि आता ती त्याच्याशिवाय हिंडणार. बॅग घेऊन कुठेही जाईल, आणि बिलं त्याला येत राहतील, ती कुठे आहे ते मात्र फोन सांगणार नाही. उगाच त्रास नको. दवाखान्यात शेवटी शेवटी ती हेच म्हणायची, नर्सला, डॉक्टरला, त्याला. हे तर कुठल्याच कार्डावर लिहिलेलं नव्हतं. तसं म्हटलं तर कुणीही बाई म्हणते हे.

"आवाज कसा होता?" त्याने विचारलं.

"म्हणजे?"

"तिचा. फोनवर."

पलीकडे ती गोंधळली. साधाच होता, म्हणाली. दमल्यासारखा. सर, काही प्रॉब्लेम आहे का?

बंब आपली इस्त्री उभी करून त्याच्याकडे बघत होता. त्याने बंबाकडे पाठ केली, भिंतीकडे तोंड केलं. शब्द बाहेर पडायला वेळ लागला, पण पडले, आणि त्याला वाटलं होतं तेवढे मोठे नव्हते.

"माझी बायको वारली," तो म्हणाला. "थंडीच्या सुरुवातीलाच वारली. काल मी तुम्हाला खोटं सांगितलं."

मागे बंबाच्या टेबलावर हँगर पडला. फोनमध्ये बटणांचा आवाज चालू होता तो थांबला. मग ती बाई अगदी हळू, बँकेतली राहिलीच नाही अशा आवाजात म्हणाली, "मग सर, काल माझ्याशी कोण बोललं?"

हे त्याला कुणी विचारू नये असं वाटत होतं. माहीत नाही, तो म्हणाला. पुढे ती पुन्हा बँकेची झाली, पटापट बोलायला लागली. पोलिसांत कळवावं लागेल, मृत्यूचा दाखला लागेल, उद्या शाखेत या, कुणाला तरी बरोबर आणा. तो हो म्हणत गेला. नवा नंबर आधी काढून टाकते, ती म्हणाली, आणि कार्ड आत्ता या मिनिटाला बंद करतेय. करू ना सर? तुमच्या तोंडून हो पाहिजे मला.

"हो, बंद करा," तो म्हणाला. कपाळ भिंतीला टेकलेलं होतं आणि भिंत वाफेने ओली होती. "पण जरा थांबून करा. आत्ता ती दुकानात असेल. तिचं घेऊन होऊ दे."